ट्रान्झिशन संपलं, मजकूर बदलला: हे नक्की कधी कळतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. बटण दाबलं की पॅनलला ‘उघडं’ असा क्लास लागतो, ते ३०० मिलिसेकंदांत बाजूने सरकत आत येतं. त्याच वेळी सर्व्हरकडून आलेली माहिती त्याच्या आतला मजकूर बदलते. दोन्ही पार पडलं की तुम्हाला पॅनलची उंची मोजायची आहे आणि फोकस पहिल्या लिंकवर न्यायचा आहे. या सरकण्याला ट्रान्झिशन म्हणतात; ते संपल्याचं कळवणारा ‘ट्रान्झिशनएंड’ हा इव्हेंट कधी एकदा येतो, कधी चारदा, कधी येतच नाही. पानाच्या रचनेतला बदल कळवणारं ब्राउझरचं साधन, म्युटेशन ऑब्झर्व्हर, फारच लवकर हाक मारतो. म्हणून सध्या ३५० मिलिसेकंदांचा टायमर लावला आहे आणि तो मंद फोनवर फसतो. शिवाय आयफोनवर मेन्यूच्या पहिल्या टॅपला नुसता उपमेन्यू दिसतो, लिंक उघडायला दुसरा टॅप लागतो, तो का?

हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण मूळ एकच आहे. ‘बदल झाला’ असं आपण म्हणतो तेव्हा तीन निरनिराळ्या गोष्टींबद्दल बोलत असतो. डॉमचं झाड, म्हणजे ब्राउझरने ठेवलेली पानातल्या एलिमेंटांची रचना, बदललं, ही पहिली. एलिमेंटची काढलेली अंतिम स्टाइल, म्हणजे कॉम्प्युटेड स्टाइल, बदलली, ही दुसरी. आणि पडद्यावर माणसाला दिसणारं चित्र बदललं, ही तिसरी. या तिन्ही वेगवेगळ्या क्षणी घडतात आणि प्रत्येकीला ओळखण्याचं साधन वेगळं आहे. तुमच्या कोडमधली गडबड बहुतेक इथूनच येते: पहिलीवर नजर ठेवणाऱ्या साधनाला तुम्ही तिसरीबद्दल विचारताय.

पुढचं काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणारे नियम, तुमच्या ताब्यात असेल तर काम सोपं. तुमचं विजेट दुसऱ्यांच्या पानात बसत असेल आणि तिथलं सीएसएस कसं असेल ते माहीत नसेल, तर काही गृहीत धरता येत नाही आणि जास्त बचावात्मक लिहावं लागतं. मी दोन्ही धरून सांगतो.

ब्राउझरचं इंजिन आतून काय करतं ते आधी पाहू, कारण ते कळलं की निम्मी कोडी सुटतात. तुम्ही क्लास लावता तेव्हा इंजिन लगेच काहीही मोजत नाही. त्या एलिमेंटवर आणि त्या क्लासचा परिणाम होऊ शकेल अशा इतर एलिमेंटांवर फक्त ‘शिळं’ अशी खूण करतं. क्लास काढला, परत लावला, इनलाइन स्टाइल तीनदा बदलली, तरी खुणाच साठतात. मग फ्रेम रंगवायची वेळ येते, किंवा तुमचा कोड मधेच एखादी स्टाइल किंवा माप विचारतो, तेव्हा इंजिन खूण असलेल्या एलिमेंटांची नवी स्टाइल काढतं आणि जुनीशी ताडून पाहतं. या तुलनेत ठरतं की लेआउट पुन्हा करायचा, की नुसतं पुन्हा रंगवायचं, की थर हलवले तरी भागेल. क्रोमचं ब्लिंक, सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको या तिघांचे तपशील वेगळे आहेत (गेकोचं स्टाइल काढण्याचं काम फायरफॉक्स ५७ पासून, म्हणजे २०१७ पासून, अनेक थ्रेडवर समांतर चालतं), पण सांगाडा हाच.

ट्रान्झिशन जन्माला येतं ते याच तुलनेत. क्लास लावणाऱ्या ओळीत नाही. सीएसएसच्या अधिकृत नियमावलीत (स्पेसिफिकेशनमध्ये) याला ‘बदलाआधीची स्टाइल’ आणि ‘बदलानंतरची स्टाइल’ अशी नावं आहेत. दोन्हींतलं मूल्य वेगळं असलं पाहिजे, त्या दोन मूल्यांच्या मधली मूल्यं काढता आली पाहिजेत, आणि कालावधी अधिक विलंब ही बेरीज शून्याहून मोठी असली पाहिजे. यातलं एक जरी नसेल तर ट्रान्झिशन सुरूच होत नाही आणि त्याचा एकही इव्हेंट येत नाही. ‘ट्रान्झिशनएंड येतच नाही’ या तक्रारींपैकी फार मोठा भाग इथेच निकालात निघतो.

नेहमी भेटणारी उदाहरणं सांगतो. उंची शून्यावरून ‘ऑटो’कडे नेली, तर मधली मूल्यं काढता येत नाहीत, त्यामुळे उडी बसते. ‘इंटरपोलेट-साइझ’ हा गुणधर्म लावला तर हे जमतं, पण तो सगळ्या इंजिनांत आहे असं धरू नका. पॅनल आधीच उघडं असताना तोच क्लास पुन्हा लावला, तर मूल्य बदलतच नाही. वापरकर्त्याने हालचाल कमी करण्याची सेटिंग चालू ठेवली असेल आणि तुम्ही तिचा मान राखून कालावधी शून्य केला असेल, तरीही ट्रान्झिशन नाही. आणि एक बारीक सापळा: विलंब ऋण असेल आणि कालावधीइतकाच असेल, तर बेरीज शून्य होते आणि सगळं गप्प राहतं.

सगळ्यात जास्त घोळ नव्या एलिमेंटांबाबत होतो. एलिमेंट तयार केलं, डॉममध्ये घातलं, पुढच्याच ओळीत क्लास लावला. इंजिनाच्या नजरेने या एलिमेंटला ‘आधीची स्टाइल’ कधी नव्हतीच, कारण मधे स्टाइल काढलीच गेली नाही. ‘डिस्प्ले: नन’मधून बाहेर येणाऱ्या एलिमेंटचंही तेच. यावर तीन उपाय आहेत. पहिला, क्लास लावण्याआधी इंजिनाला स्टाइल काढायला भाग पाडा. त्यासाठी ‘गेटकॉम्प्युटेडस्टाइल’ नुसतं हाक मारून चालत नाही, परत आलेल्या वस्तूतला एखादा गुणधर्म प्रत्यक्ष वाचावा लागतो, म्हणजे उदाहरणार्थ ‘ओपॅसिटी’. ‘ऑफसेटविड्थ’ वाचूनही होतं, पण त्याने लेआउटही करावा लागतो, म्हणजे महाग. दुसरा, क्लास लावण्याआधी ‘रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम’ (पुढची फ्रेम रंगवण्याआधी तुमच्या कोडला हाक मारणारी सोय) एकात एक दोनदा घ्या. दोनदा का? पहिली हाक येते ती त्या फ्रेमची स्टाइल काढण्याच्या आधी, म्हणून तिच्यात क्लास लावला तर काही फरक पडत नाही. तिसरा आणि स्वच्छ उपाय म्हणजे सीएसएसमधला ‘स्टार्टिंग-स्टाइल’ हा नियम. क्रोममध्ये तो ११७ पासून आहे, फायरफॉक्समध्ये १२९ पासून. सीएसएस तुमचं असेल तर मी हाच सुचवेन.

आता इव्हेंटांकडे येऊ. चार आहेत. ‘ट्रान्झिशनरन’ ट्रान्झिशन तयार झाल्याचं सांगतो, विलंब संपायच्या आधी. ‘ट्रान्झिशनस्टार्ट’ विलंब संपल्यावर. ‘ट्रान्झिशनएंड’ पूर्ण झाल्यावर. ‘ट्रान्झिशनकॅन्सल’ अर्ध्यात तुटल्यावर. लोक फक्त तिसरा ऐकतात आणि चौथा विसरतात. एंड आणि कॅन्सल यांपैकी एकच येतो, दोन्ही नाही. ट्रान्झिशन चालू असताना एलिमेंटला किंवा त्याच्या कुठल्याही पूर्वजाला ‘डिस्प्ले: नन’ लागलं, तर रद्द. एलिमेंट डॉममधून निघालं, तर रद्द, आणि वर कुठेतरी बसलेल्या लिसनरला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण ते एलिमेंट आता त्या झाडात नाही. वापरकर्त्याने अर्ध्यात बटण पुन्हा दाबलं, तर पहिलं ट्रान्झिशन रद्द होऊन उलट दिशेचं नवं सुरू होतं.

चारदा का येतो त्याची कारणं साधी आहेत. इव्हेंट प्रत्येक गुणधर्मासाठी वेगळा येतो, आणि संक्षिप्त गुणधर्म असेल तर त्याच्या प्रत्येक सुट्या भागासाठी. ‘मार्जिन’ बदलला तर वरच्या, उजव्या, खालच्या, डाव्या अशा चारही बाजूंचे चार इव्हेंट येऊ शकतात. ‘ट्रान्झिशन: ऑल’ लिहिलं असेल तर उद्या कोणी रंग बदलला की आणखी एक. वर हे इव्हेंट बबल होतात: पॅनलच्या आतल्या बटणाचा होव्हरचा (माउस वर नेल्यावरचा) रंग बदलून झाला, तरी पॅनलवरचा लिसनर जागा होतो. म्हणून लिसनरमध्ये पहिली तपासणी ‘टार्गेट’ हेच माझं पॅनल आहे का, आणि दुसरी ‘प्रॉपर्टीनेम’ मला हवं तेच आहे का. स्यूडो एलिमेंट (सीएसएसने उभे केलेले, डॉममध्ये नसलेले भाग) वापरत असाल तर तिसरीही करा, कारण ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’चे इव्हेंट मूळ एलिमेंटच्याच नावावर येतात आणि फरक फक्त ‘स्यूडोएलिमेंट’ या फील्डमध्ये दिसतो.

मी स्वतः हल्ली इव्हेंट मोजत बसत नाही. वेब ॲनिमेशन्स एपीआयमधलं ‘गेटॲनिमेशन्स’ वापरतो. क्लास लावल्यावर लगेच पॅनलवर ही हाक मारा, ‘सबट्री’ हा पर्याय चालू ठेवून किंवा न ठेवता. ही हाक यादी देण्याआधी साठलेले स्टाइल बदल निकाली काढते, त्यामुळे नुकतीच जन्मलेली ट्रान्झिशनही यादीत असतात. यादी रिकामी आली, तर ट्रान्झिशन सुरूच झालं नाही हे तिथल्या तिथे कळतं आणि वाट न पाहता पुढे जाता येतं. ‘न आलेल्या इव्हेंटची’ सगळी डोकेदुखी या एका ओळीने जाते. यादीत काही असेल तर प्रत्येकाच्या ‘फिनिश्ड’ या प्रॉमिसची (पुढे येणाऱ्या निकालासाठीच्या वस्तूची) वाट पाहा.

यात तीन काळज्या घ्याव्या लागतात. ट्रान्झिशन रद्द झालं की ‘फिनिश्ड’ नाकारलं जातं, ‘अबॉर्टएरर’ देऊन. म्हणून ‘प्रॉमिस-ऑल’ नको, ‘ऑल-सेटल्ड’ घ्या, आणि ते संपल्यावर यादी पुन्हा मागा. रद्द होण्याचं कारण उलट दिशेचं नवं ट्रान्झिशन असेल तर ते आता यादीत असेल. यादी रिकामी होईपर्यंत हे चालू ठेवा. दुसरी काळजी: आत कुठे सतत फिरणारं लोडिंगचं चक्र असेल तर ते ॲनिमेशन कधीच संपत नाही आणि तुमचा कोड कायमचा अडकतो. म्हणून यादीतून फक्त ‘सीएसएसट्रान्झिशन’ प्रकारच्या वस्तू निवडा. त्यांच्यावर ‘ट्रान्झिशनप्रॉपर्टी’ हे फील्डही असतं, म्हणजे फक्त ‘ट्रान्सफॉर्म’ची वाट पाहायची असेल तर तेवढंच गाळून घेता येतं. तिसरी: ॲनिमेशन थांबवून ठेवलेलं असेल, तर त्याचं ‘फिनिश्ड’ही थांबूनच राहतं.

आता टायमरबद्दल. ३०० ऐवजी ३५० ठेवले म्हणून उत्तर बरोबर येत नाही, फक्त चूक कमी वेळा दिसते. टायमरची घड्याळ तुम्ही ‘सेटटाइमआउट’ म्हटल्यापासून चालू होते, ट्रान्झिशनचं घड्याळ पुढच्या कुठल्यातरी फ्रेमपासून. मुख्य थ्रेड २०० मिलिसेकंद अडला, तर दोन्ही वेगवेगळ्या प्रकारे लांबतात. अर्ध्यात उलटलेलं ट्रान्झिशन तर मुद्दाम लवकर संपतं: एकसमान वेगाचं ३०० मिलिसेकंदांचं ट्रान्झिशन १०० वर उलटवलं, तर परत यायला ते ३०० नाही, साधारण १०० घेतं. टॅब मागे गेला की फ्रेम थांबतात, टायमर मात्र मंदावून का होईना चालतात, आणि मग टायमर आधी वाजतो. टायमर ठेवायचाच असेल तर शेवटची सुरक्षा म्हणून ठेवा, एखाद-दोन सेकंदांचा, आणि तो वाजला तर लॉगमध्ये नोंद करा. वारंवार वाजत असेल तर मूळ तर्कात कुठेतरी भोक आहे.

मजकुराच्या बदलाकडे वळू. म्युटेशन ऑब्झर्व्हर पहिल्या प्रकारचा बदल, म्हणजे डॉमच्या झाडातला बदल, फार नेमकेपणाने सांगतो. जुने म्युटेशन इव्हेंट प्रत्येक बदलाला तिथल्या तिथे धावत आणि सगळं मंद करत. क्रोमने ते २०२४ मध्ये, १२७ व्या आवृत्तीपासून काढून टाकले. त्यांच्या जागी आलेला ऑब्झर्व्हर बदल साठवतो आणि चालू स्क्रिप्ट संपताच मायक्रोटास्क म्हणून एकदम हाक मारतो. म्हणजे स्टाइल, लेआउट, रंगकाम या सगळ्याच्या आधी. तुम्हाला तो ‘फार लवकर’ वाटतो तो यामुळे. तो चुकत नाहीये. त्याला जेवढं विचारलं तेवढंच तो सांगतोय.

त्याला काय दिसत नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. होव्हरमुळे बदललेली स्टाइल दिसत नाही. मीडिया क्वेरी (पडद्याची रुंदी वगैरे अटींवर लागू होणारे सीएसएस नियम) लागू झाली तर दिसत नाही. स्टाइलशीटमध्ये ‘इन्सर्टरूल’ने नियम घातला तर दिसत नाही. इनपुटमध्ये टाइप केलेलं मूल्य किंवा चेकबॉक्सवरची खूण दिसत नाही, कारण त्या प्रॉपर्टी आहेत, ॲट्रिब्यूट नव्हेत. शॅडो रूटच्या, म्हणजे एलिमेंटला जोडलेल्या वेगळ्या झाकलेल्या झाडाच्या, आतलं काही दिसत नाही, तिथे वेगळा ऑब्झर्व्हर लावावा लागतो. चित्र उतरून त्याची जागा वाढली तरी दिसत नाही. उलट कोडमधून इनलाइन स्टाइल बदलली तर मात्र दिसते, कारण ‘स्टाइल’ हे ॲट्रिब्यूट बदलतं. म्हणूनच ॲट्रिब्यूट पाहत असाल तर ‘ॲट्रिब्यूटफिल्टर’मध्ये नेमकी नावं द्या. नाहीतर एखादी स्क्रिप्ट प्रत्येक फ्रेमला स्टाइल लिहीत असेल, तर तुम्ही दर फ्रेमला जागे व्हाल. आणि कॉलबॅकच्या आत त्याच झाडात बदल करत असाल तर आधी ‘डिस्कनेक्ट’ करा, बदल संपल्यावर पुन्हा जोडा. नाहीतर स्वतःचाच बदल स्वतःला कळवत राहाल.

लेआउटला स्पर्श करणारा बदल पकडायचा तर रिसाइझ ऑब्झर्व्हर बरा. मजकूर वाढला, फॉन्ट बदलला, चित्र उतरलं, कारण काहीही असो, पेटीचा आकार बदलला की तो सांगतो. तो लेआउटनंतर आणि रंगकामाच्या आधी येतो, म्हणून तिथे मापं वाचणं स्वस्त पडतं. ‘ट्रान्सफॉर्म’ने मोठं-लहान केलं तर मात्र तो गप्प राहतो, कारण लेआउटमधला आकार तोच असतो. कॉलबॅकमध्ये तुम्ही पुन्हा आकार बदललात, तर इंजिन त्याच फ्रेममध्ये फक्त आणखी खोल असलेल्या एलिमेंटांना पुन्हा सूचना देतं. उरलेल्या पुढच्या फ्रेमवर जातात आणि कन्सोलमध्ये न पोहोचलेल्या सूचनांचा एरर दिसतो. तो दिसला तर समजा की मोजणं आणि बदलणं एकाच जागी गुंतलंय.

या सगळ्याचा क्रम एका फ्रेममध्ये असा: तुमची स्क्रिप्ट, तिच्या शेपटीला मायक्रोटास्क (म्युटेशन ऑब्झर्व्हर इथे), मग ॲनिमेशनांचं घड्याळ पुढे जातं आणि ट्रान्झिशनचे इव्हेंट निघतात, मग ‘रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम’, मग स्टाइल आणि लेआउट, त्यानंतर रिसाइझ ऑब्झर्व्हर, त्यानंतर इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर, शेवटी रंगकाम. ६० हर्ट्झच्या पडद्यावर या साऱ्याला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झवर ८.३. हा क्रम मी कुठलाही असा बग उकलताना आधी कागदावर लिहितो, आणि कोणती ओळ कुठल्या टप्प्यात धावतेय ते त्यावर मांडतो. ‘ओपॅसिटी’ आणि ‘ट्रान्सफॉर्म’ बहुधा मुख्य थ्रेडबाहेर, कंपोझिटरवर (थर एकत्र करून चित्र बनवणाऱ्या भागावर) चालतात, हेही त्यात धरा. मुख्य थ्रेड अडलेला असेल तर डोळ्यांना पॅनल सरकून जागेवर पोहोचलेलं दिसतं, पण ‘ट्रान्झिशनएंड’ बराच उशिरा येतो. हा उशीर तुमच्या जड स्क्रिप्टचा आहे.

इथे तुमच्या मूळ गरजेबद्दल एक सांगावंसं वाटतं. तुम्ही ज्याची वाट पाहताय, त्यातलं बरंचसं वाट पाहण्यासारखं नाहीच. पॅनल ‘ट्रान्सफॉर्म’ने सरकत असेल तर त्याची उंची लेआउटमध्ये पहिल्या क्षणापासून अंतिम असते. ‘ऑफसेटहाइट’ घ्या, तो ट्रान्सफॉर्म धरत नाही. ‘गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट’ मात्र धरतो, म्हणून सरकताना त्याचे आकडे हलतात. उंचीच ट्रान्झिशनमध्ये असेल तर ‘स्क्रोलहाइट’ आतल्या मजकुराची पूर्ण उंची देतो, पेटी अजून वाढत असली तरी. मजकूर मागाहून बदलणार असेल तर रिसाइझ ऑब्झर्व्हर पॅनलच्या आतल्या आवरणावर लावा, पॅनलवर नव्हे, म्हणजे ट्रान्झिशनची उंची आणि मजकुराची उंची यांची सरमिसळ होत नाही.

फोकसचंही तसंच. तो ट्रान्झिशन संपेपर्यंत थांबवला, तर कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना त्या वेळात काहीच कळत नाही. लगेच दिला तर बरं. पण दोन अडथळे येतात. ‘व्हिजिबिलिटी’लाही ट्रान्झिशन लावलं असेल तर अगदी शून्याच्या क्षणी ती अजून ‘हिडन’च असते, आणि अदृश्य एलिमेंट फोकस घेत नाही, हाक मुकाट वाया जाते. उघडताना ‘व्हिजिबिलिटी’चा कालावधी शून्य ठेवा, बंद करताना मात्र विलंब द्या, म्हणजे पॅनल सरकून गेल्यावरच लपेल. दुसरा अडथळा: पॅनल अजून पडद्याबाहेर असताना फोकस दिला की ब्राउझर ते दाखवायला आवरणच स्क्रोल करतो आणि सगळी मांडणी सरकते. ‘प्रिव्हेंटस्क्रोल’ हा पर्याय दिला की हे टळतं.

दुसऱ्यांच्या पानात, कोणत्याही कारणाने बदललेली कॉम्प्युटेड स्टाइल ओळखायची असेल, तर तिच्यासाठी थेट ऑब्झर्व्हर नाही. इथे ट्रान्झिशनचाच उपयोग शोधकासारखा करता येतो. ज्या गुणधर्मावर नजर ठेवायची, त्याला अतिशय छोट्या कालावधीचं ट्रान्झिशन लावा, ‘ट्रान्झिशन-बिहेवियर’ला ‘अलाउ-डिस्क्रीट’ द्या म्हणजे मधली मूल्यं नसलेले गुणधर्मही चालतील, आणि ‘ट्रान्झिशनरन’ ऐका. मूल्य क्लासमुळे बदलो, मीडिया क्वेरीमुळे किंवा होव्हरमुळे, इंजिन जुन्या-नव्या स्टाइलची जी तुलना करतं तिच्यात ते पकडलं जातं. पण त्या एलिमेंटवर आधीचं ट्रान्झिशन असेल तर तुमची घोषणा ते पुसून टाकते, म्हणून जुनी यादी वाचून तिच्यामागे आपली नोंद जोडावी लागते. वारशाने उतरणाऱ्या गुणधर्मावर आणि संपूर्ण उपवृक्षावर हे लावू नका. प्रत्येक पातळीला ट्रान्झिशन सुरू होऊन पान जड होतं. मोजक्या एलिमेंटांवर ठीक आहे.

आता आयफोनचा दुसरा टॅप. इथे गंमत अशी की इंजिनालाच तुमचा प्रश्न पडलेला असतो. माउससाठी लिहिलेल्या पानात होव्हर केल्यावर उपमेन्यू उघडतो, आणि बोटाला होव्हर नसतं. म्हणून वेबकिट टॅप झाल्यावर आधी त्या जागी माउस हलल्याचा कृत्रिम इव्हेंट पाठवतं आणि पाहतं की त्याने दिसणारा मजकूर बदलला का. बदलला असेल, तर वापरकर्त्याला मेन्यू पाहायचा होता असं मानून क्लिक पाठवतच नाही. दुसऱ्या टॅपला बदल होत नाही, म्हणून क्लिक जातो.

‘बदलला का’ हे ठरवण्यासाठी वेबकिटमध्ये ‘कंटेंटचेंजऑब्झर्व्हर’ नावाचा भाग आहे, आणि त्याच्यापुढे तुमच्यासारख्याच अडचणी आहेत. स्टाइल काढताना आधी लपलेलं एलिमेंट दिसू लागलं का, हे तो पाहतो, आणि नव्याने दिसलेलं एलिमेंट क्लिकला प्रतिसाद देणारं आहे का हेही. पण बदल लगेच दिसेलच असं नाही: होव्हरच्या हँडलरने छोटा टायमर लावला असेल किंवा ट्रान्झिशन सुरू केलं असेल. म्हणून त्याच्याकडे उत्तरं तीन आहेत: बदल नाही, बदल झाला, आणि अजून सांगता येत नाही. तिसऱ्या उत्तरात तो थोडा थांबतो, जवळच्या मुदतीचे टायमर आणि ट्रान्झिशन पूर्ण होऊ देतो आणि मग ठरवतो. फार लांबच्या मुदतीचे सोडून देतो, कारण टॅपनंतर माणसाला अनंतकाळ ताटकळत ठेवता येत नाही. हा अंदाज आहे, आणि अंदाज कधीतरी चुकणारच.

तुमच्या मेन्यूत नेमकं तेच घडतंय: होव्हरवर लिंकांची यादी उघडते, इंजिन ‘बदल झाला’ म्हणतं, क्लिक अडतो. होव्हरचे सगळे नियम ‘होव्हर: होव्हर’ आणि ‘पॉइंटर: फाइन’ या अटी असलेल्या मीडिया क्वेरीत बंद करा. जावास्क्रिप्टमधले माउस आत आल्याचे हँडलर असतील तर त्यांनाही पॉइंटर इव्हेंटच्या ‘पॉइंटरटाइप’वरून फक्त माउससाठी ठेवा. एखाद्या लायब्ररीचा टूलटिप होव्हरवर उगवत असेल तर तोही तपासा. लिंकवर एक टूलटिप उघडतो आणि पहिला टॅप गिळला जातो, हे सर्रास दिसतं. स्पर्शासाठी उपमेन्यू उघडायला वेगळं बटण द्या. होव्हरवर हळू उघडणारं ट्रान्झिशन लावून इंजिनाला चकवायचा प्रयत्न करू नका. एका आवृत्तीत चालेल, पुढच्या आवृत्तीत मोडेल.

तुमच्या पॅनलसाठी मी असं लिहीन. क्लास लावा, त्याच ओळीमागे फोकस द्या, ‘प्रिव्हेंटस्क्रोल’सह. उंची हवी तर लगेच वाचा आणि आतल्या आवरणावर रिसाइझ ऑब्झर्व्हर ठेवून पुढचे बदल त्याच्याकडून घ्या. खरोखर ‘हालचाल थांबल्यावर’च करायचं काही असेल, उदाहरणार्थ मागचं पान निष्क्रिय करणं, तर ‘गेटॲनिमेशन्स’ची यादी रिकामी होईपर्यंत थांबा. सर्व्हरच्या मजकुरासाठी म्युटेशन ऑब्झर्व्हर लागतच नाही, कारण मजकूर तुमचाच कोड घालतो. त्याला त्याच जागी पुढचं काम सांगा. तो ऑब्झर्व्हर फक्त परक्या कोडने केलेल्या बदलांसाठी राखून ठेवा. प्रत्येक उघडण्याला एक चढता क्रमांक द्या आणि वाट पाहून परतल्यावर तो अजून तोच आहे का ते तपासा, नाहीतर मधेच बंद केलेल्या पॅनलचं उरलेलं काम नव्या उघडण्यावर येऊन आदळतं.

तपासताना निदान चार प्रसंग मुद्दाम घडवा: हालचाल कमी करण्याची सेटिंग चालू, बटण पटापट तीन-चारदा, उघडत असतानाच टॅब बदलणं, आणि उघडत असतानाच पॅनल डॉममधून काढणं. डेव्हलपर टूल्समधल्या ॲनिमेशन पॅनलमध्ये वेग १० टक्क्यांवर आणला की अर्ध्यात उलटवणं हाताने सहज जमतं. परफॉर्मन्स पॅनलमध्ये एक फ्रेम मोठी करून पाहिली, तर स्टाइल पुन्हा काढण्याचा पट्टा तुमच्या कोणत्या ओळीमुळे आला तेही दिसतं. त्या फ्रेममध्ये असा पट्टा स्क्रिप्टच्या मधोमध दोनदा-तीनदा आला असेल, तर कुठेतरी मापं वाचणं आणि स्टाइल लिहिणं आलटून-पालटून चाललंय. सगळी वाचनं आधी आणि सगळी लेखनं नंतर अशी रचना करा, म्हणजे मंद फोनवरचं पॅनलचं अडखळणंही बरंच कमी होईल.